साखर उतरायली, मग नजर कामून जायली?

मावशींच्या मुलानं हा प्रश्न विचारला तेव्हा त्या शेजारी डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या. मानवतकडचं शेतकरी कुटुंब. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. मधुमेह बारा वर्षांचा, गोळ्या कधी घेतल्या, कधी राहिल्या. पायाची जखम भरेना म्हणून इन्सुलिन सुरू झालं आणि चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ११.९ वरून ७.१ वर आलं. घरात सगळे खूश. मग डाळीतले खडे दिसेनासे झाले. गल्लीत कुणीतरी निकाल देऊन टाकला, इन्सुलिननं डोळे जातात. नऊ दिवस सुई बंद. माझ्यासमोर आल्या तेव्हा साखर ३४०.

या गैरसमजात आम्हा समुपदेशकांचाही हात आहे. मीही पूर्वी "साखर आणा, डोळे आपोआप सांभाळले जातील" असं बिनधास्त सांगायचे. ते अर्धंच खरं.

१९९३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे १४४१ रुग्ण होते. ज्यांची साखर कडक आटोक्यात ठेवली, त्यांच्यातल्या काहींच्या डोळ्यातल्या पडद्याचा (रेटिनाचा) आजार पहिल्या वर्षभरात थोडा वाढलेला दिसला. पण पुढच्या वर्षांत त्याच गटाचे डोळे कितीतरी चांगले राहिले. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहातही, साखर फार वर्षं चढी असेल, पडदा आधीच खराब असेल आणि साखर झपाट्यानं उतरली, तर हा धोका असतो. म्हणून इन्सुलिन सुरू करायच्या आधीच बाहुली मोठी करून पडदा तपासायला हवा होता. मावशींचा तो राहून गेला. आता त्यांच्या पडद्याला सूज आली होती.

"पण आता तर साखर कमी झाली होती ना, ताई? मग सूज कशाची?"

मी विचारलं, "दादा, तुमच्या रानाला कॅनॉल आहे का?"

"जायकवाडीचा. दोन एकर पाणी साचून चिबड झालंय."

"कॅनॉल बंद झाला की दुसऱ्या दिवशी वापसा येतो?"

"कुठं ताई! चर काढावे लागतात."

पडद्याचंही तसंच. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की पडद्यातल्या पेशी दाह पेटवणारे रेणू सोडायला लागतात: इंटरल्युकिन ६, टीएनएफ अल्फा आणि त्यांच्या जोडीला रक्तवाहिन्या गळक्या करणारं व्हीईजीएफ. बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला रक्तातल्या पांढऱ्या पेशी चिकटतात, भिंती सैल होतात, पाणी झिरपतं. नेमकं बारीक दिसण्याच्या जागी ते साचलं की खडे दिसत नाहीत. साखर खाली आली तरी हा दाह लगेच थांबत नाही. जुन्या साखरेचा परिणाम शरीर बराच काळ धरून ठेवतं. डोळ्यातलं इंजेक्शन म्हणजे चर. ते व्हीईजीएफला अडवतं. त्यानं भागलं नाही तर कधी स्टेरॉइड देतात, ते दाहाच्या इतर रेणूंनाही दाबतं. पण त्यात मोतीबिंदू आणि डोळ्याचा दाब वाढायची भीती असते. आणि चर काढून कॅनॉल पुन्हा सोडला तर? इन्सुलिन बंद करणं म्हणजे तेच.

मुलगा मोबाइलवर बरंच वाचून आला होता. "मग या इंटरल्युकिनची रक्तातून टेस्ट करू का?" म्हटलं, पैसे वाचवा. पायाला जखम असताना रक्तातला दाह तसाही वाढलेला दिसणार, त्यावरून डोळ्याचं काही ठरत नाही. पडद्याची सूज ओसीटी स्कॅनवर, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या डोळ्याच्या तपासणीत, थेट मोजता येते. तो खर्च करा, आणि बीपी व लघवीतलं प्रोटीनही तपासा.

हळदीचा विषय निघणारच होता. वसमतच्या पाहुण्यांनी पाच किलो आणून दिली होती, "सुजेवर चांगली". भाजीत घाला की, वसमतची हळद कोण नको म्हणेल! पण चमचाभर हळद खाऊन इंजेक्शनची तारीख चुकवायची नाही, एवढं मावशींकडून कबूल करून घेतलं. इन्सुलिन त्याच संध्याकाळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं पुन्हा सुरू झालं.

तिसऱ्या इंजेक्शननंतर ओसीटीवर सूज बरीच उतरली होती. मावशी म्हणाल्या, मोठे खडे दिसतात, बारीक अजून नाही. मग जाता जाता थांबल्या.

"पुढची सुई डोळ्यात का पोटात?"

"डोळ्यात महिन्यानं, मावशी. पोटात रोज."

"बरंय," म्हणाल्या आणि मुलाला पिशवी उचलायला लावली.