श्रेडेड व्हीट: कीस, शेवया की वडी?

प्रश्न असा आहे: जुन्या अमेरिकी न्याहारीवरच्या मजकुराचा अनुवाद करताना 'श्रेडेड व्हीट'ला 'गव्हाचा कीस', 'व्हीट फ्लेक्स'ला 'गव्हाचे पोहे' आणि 'ब्रेकफास्ट सीरिअल'ला 'न्याहारीचं तृणधान्य' म्हटलं तर चालेल का? आणि 'श्रेडेड व्हीट' हे कंपनीचं नाव असेल, तर त्याचं भाषांतर करावं का?

'कीस' चालणार नाही. कीस म्हटलं की किसणी आली, आणि किसायला हातात धरता येईल असा बटाटा किंवा खोबऱ्याची वाटी लागते. श्रेडेड व्हीट शोधून काढणारे हेन्री पर्की यांच्या यंत्रात काहीच किसलं जात नाही. त्यांना १८९५ साली पेटंट मिळालं त्या पदार्थाची कृती अशी: अख्खा गहू, कोंड्यासकट, अर्धा तास किंवा थोडा जास्त उकडायचा. दाण्यात जवळजवळ निम्मी ओल येते. मग तो निथळून बरेच तास, कधी दिवसभर, मुरत ठेवायचा. ही पायरी गाळली तर बाहेरून चिकट आणि आत घट्ट असा दाणा रुळांना लगदा होऊन चिकटतो, धागा धरतच नाही. मुरल्यावर ओल सगळीकडे सारखी होते आणि दाणा चिवट बनतो. मग तो दोन रुळांमधून जातो. एक रूळ गुळगुळीत, दुसऱ्यावर बारीक खाचा. खाचांत दाबलेला गहू लोखंडी फणी खरवडून काढते आणि खालच्या सरकत्या पट्ट्यावर लांब धागे पडतात. पुढच्या रुळांच्या जोड्या त्यावर थर चढवत जातात, दहा-वीस थर होईपर्यंत. कापायची पाती मुद्दाम बोथट असतात. धारदार पातं धागे नुसते तोडेल, बोथट पातं कडा दाबून जोडतं. उशीसारखा तो फुगीर आकार त्यामुळेच येतो. शेवटी भट्टीत भाजून ओल चार टक्क्यांच्या आसपास आणतात.

दिसायला हे शेवयांच्या जवळचं आहे, पण शेवया मळलेल्या पिठाच्या आणि कुरडई चिकाची, म्हणजे कोंडा काढलेल्या सत्त्वाची. इथे पीठही नाही, चीकही नाही. म्हणून पहिल्या उल्लेखात 'अख्ख्या गव्हाच्या धाग्यांची भाजलेली वडी' लिहावं, पुढे नुसतं 'गव्हाची वडी' पुरे. थर रचून, दाबून, कापून केलेल्याला आपण वडीच म्हणतो.

'गव्हाचे पोहे' हा शब्द चांगला आहे, ठेवावा. १८९४ साली मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात जॉन हार्वी आणि विल कीथ या केलॉग बंधूंनी उकडून पडून राहिलेला गहू रुळांतून काढला, तेव्हा सलग पापुद्र्याऐवजी दाण्यागणिक वेगळी पाकळी निघाली. इथेही काम मुरण्यानंच केलं. एक फरक मात्र तळटीपेत सांगावा: आपले पोहे भिजवून, फोडणी देऊन खातात, तर हे आधीच भाजलेले, कुरकुरीत असतात.

'तृणधान्य' हा शब्द शेतातल्या पिकासाठी आहे, वाटीतल्या तयार पदार्थासाठी नाही. तिथे सरळ 'सीरिअल' लिहावं.

आता नावाचा प्रश्न. पर्कींची कंपनी १९२८ च्या सुमारास नॅशनल बिस्किट कंपनीकडे गेली. केलॉग कंपनी तसाच पदार्थ त्याच नावानं विकू लागल्यावर दावा झाला. १९३८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्या. ब्रँडाइस यांनी निकाल लिहिला: लोकांच्या मनात हे शब्द मुख्यतः पदार्थाचं नाव आहेत, उत्पादकाचं नव्हे. पेटंट संपलं की पदार्थ करण्याचा हक्क सर्वांना मिळतो आणि तो ज्या नावानं ओळखला गेला तेही सर्वांचं होतं. उशीच्या आकारालाही हाच नियम लावला. म्हणजे हे सामान्यनाम आहे आणि त्याचं भाषांतर करायला काहीच हरकत नाही.

'ग्रेप-नट्स'चं (१८९७, सी. डब्ल्यू. पोस्ट) मात्र मुळीच करू नये. ते नाममुद्रेचं नाव आहे. पदार्थ गहू आणि जवाचा, त्यात ना द्राक्षं ना काजू-बदाम. 'ग्रॅनोला'बाबत साल बघावं. न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिलमध्ये जेम्स केलेब जॅक्सन यांनी १८६३ साली कोंड्यासकट गव्हाच्या पिठाचे थर भाजले, फोडले, पुन्हा भाजले आणि त्याला 'ग्रॅन्युला' म्हटलं. ते इतकं कडक होतं की रात्रभर दुधात भिजवावं लागे. जॉन केलॉग यांनीही आपल्या भाजलेल्या चुऱ्याला तेच नाव दिलं आणि कायद्याचा बडगा दिसल्यावर ते 'ग्रॅनोला' केलं. एकोणिसाव्या शतकातल्या मजकुरात हा शब्द आला, तर तिथे आजचं ओट, मध आणि सुकामेवा घालू नये. 'भाजलेला भरड चुरा' म्हणावं.

मजकुरात 'क्रीम ऑफ व्हीट' आलं तर नाव तसंच ठेवून पुढे खुलासा द्यावा. १८९३ साली नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या गिरणीत दळताना निघणारा जाडसर भाग पाकिटात भरला गेला, तेच हे. 'गव्हाची साय' नव्हे. आपल्या स्वयंपाकघरात त्याला रवा म्हणतात.