त्रुटी काढण्याआधी

नाशिक

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. बँकेच्या विभागीय कार्यालयात ‘शाखांच्या कामकाजात सुधारणा’ हे काम तुझ्याकडे आलं, हे वाचून फार आनंद झाला. विमा कंपनीच्या क्लेम विभागात काढलेली वर्षं तुला इथे कामी येतील, कारण दोन्हीकडचं दुखणं एकच आहे. सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस: सॉफ्टवेअर, माणसं की काउंटर? माझं उत्तर आहे, परत पाठवलेल्या फायलींपासून कर.

सगळे वेगाच्या मागे लागतात. एक अर्ज सिस्टिममध्ये भरायला बारा मिनिटं लागतात, ती आठवर कशी आणायची यावर बैठका होतात. तोच अर्ज त्याआधी चार दिवस इनवर्डच्या, म्हणजे आलेल्या कागदांच्या, ट्रेमध्ये पडून असतो, पुढे तीन दिवस चेकरच्या, म्हणजे नोंद तपासून मंजूर करणाऱ्याच्या, रांगेत आणि त्यानंतर आठवडाभर ‘पूर्तता बाकी’ या शेऱ्याखाली. चार मिनिटं वाचवून त्या ग्राहकाच्या पदरात काय पडणार? अर्ज थांबून राहिला ते दिवस मोज.

समज, सुरगाण्याकडची एक बाई आहे. नवरा वारला, त्याच्या बचत खात्यात थोडे पैसे आहेत, नॉमिनी तीच. पहिल्या खेपेला शाखेनं मृत्यूचा दाखला आणि पासबुक ठेवून घेतलं. आठवड्यानं निरोप गेला, आधारची प्रत आणा. ती घेऊन आली तेव्हा कळलं की पासबुकावर नॉमिनीचं नाव ‘मंगल’ आहे आणि आधारवर ‘मंगलबाई’. प्रतिज्ञापत्र करून आणा. तेही केलं, तर फॉर्मच्या दुसऱ्या पानावर अंगठा राहिलेला. या तिन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी, पहिल्याच पाच मिनिटांत, समोर बसलेल्या माणसाला दिसण्यासारख्या होत्या. प्रत्येक खेपेला एसटीचं भाडं गेलं आणि एक दिवसाची मजुरी बुडाली. त्याच नवऱ्याच्या खात्यातून जीवन ज्योती विमा योजनेचे वर्षाला 436 रुपये कापले जात असतील, तर दोन लाखांच्या त्या क्लेमसाठी हेच कागद शाखेतून विमा कंपनीकडे जातात, आणि तिथून नव्यानं त्रुटी निघते.

आता त्या शाखेचा मासिक अहवाल उघड. त्यात हा क्लेम ‘6 दिवसांत निकाली’ असा दिसेल, आणि आकडा खोटाही नसेल. मयत खातेदाराच्या दाव्यांबाबत रिझर्व्ह बँकेनं 2025 मध्ये नवे निर्देश काढले. त्यातही मुदत 15 दिवसांचीच आहे, पण सगळी कागदपत्रं मिळाल्यापासून. म्हणजे घड्याळ सुरू होतं तेच शेवटचा कागद आल्यावर. बाईनं घातलेल्या खेपा या मोजणीत कुठेच येत नाहीत. म्हणून तुझ्या नोंदवहीत दोन तारखा ठेव: माणूस पहिल्यांदा दारात आला ती, आणि पैसे त्याच्या खात्यात पडले ती. वरिष्ठ म्हणतील, नियमात असं कुठे आहे? नियम किमान किती करायचं ते सांगतो, त्याहून चांगलं काम करायला तो आडकाठी करत नाही. या दोन तारखांमधलं अंतर समोर आलं की शाखांना वेगळं काही समजवावं लागत नाही.

पुढचं काम त्रुटींची वर्गवारी. मागच्या तीन महिन्यांत परत गेलेल्या फायली काढ आणि प्रत्येकीवर कारण लिही. नावातला फरक, सही न जुळणं, जुनं केवायसी, रद्द केलेला चेक नसणं, एवढ्यातच बहुतेक ढीग संपेल असा माझा अंदाज आहे. मग प्रत्येक कारणाला विचार: हा कागद मागायची खरंच गरज आहे का? नॉमिनी नोंदवलेला असेल तर वारस दाखला किंवा जामीनदार मागू नका, असं रिझर्व्ह बँक 2005 पासून सांगते आहे, तरी ‘असू द्या, ऑडिटला लागेल’ म्हणून मागणारे अजून भेटतात. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवखात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. आता नोंदणीच्या वेळीच नावं आधारप्रमाणे लिहून घेतली नाहीत, तर आजची एक त्रुटी उद्या चार होऊन समोर येईल. क्लेमचं काम खातं उघडण्याच्या टेबलावर सुरू होतं. विम्यात तू हेच पाहिलं असशील: प्रपोजल फॉर्म एजंटनं घाईत भरायचा आणि त्याचा हिशेब घरच्यांनी द्यायचा.

साधं गणितही हाताशी ठेव. अमेरिकेतले प्राध्यापक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये ते सिद्ध केलं. अडकलेल्या फायलींना रोज निकाली निघणाऱ्या फायलींनी भाग, म्हणजे नव्या फायलीला सरासरी किती दिवस लागतील ते कळतं. 600 अडकल्या आहेत आणि रोज 30 निघतात, तर 20 दिवस. हे गणित मांडलं की ‘आम्ही प्रयत्न करतो आहोत’ या वाक्याला जागा उरत नाही. 600 चा आकडा खाली आणायचा सोपा मार्गही दिसतो: परत येणाऱ्या फायली थांबवायच्या. एकच फाइल तीनदा टेबलावर येत असेल, तर आपली माणसं एका कामासाठी तिप्पट राबतात, आणि वर मनुष्यबळ कमी असल्याची तक्रार करतात.

गर्दीचंही असंच आहे. नाशिकरोडला नोटांच्या प्रेसचे आणि रेल्वेचे पेन्शनर भरपूर. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी सकाळपासून रांगा लागतात आणि शाखा दोन काउंटर वाढवते. खरं तर 80 वर्षांवरच्यांना 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, आणि 2021 पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो होतो. ऑक्टोबरात पेन्शनरांच्या यादीवरून फोन लावायला एक माणूस बसवला, तर नोव्हेंबरात दोन काउंटर वाढवावे लागणार नाहीत. रांग लागणार हे ठाऊक असेल, तर तिच्या आधी जाऊन पोचायचं.

मार्च महिना मात्र जवळून बघ. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाचा पैसा त्याच सुमारास हातात येतो आणि पीककर्जाची मुदतही तेव्हाच भरत आलेली असते. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला 7 टक्के व्याज आणि वेळेवर फेडलं तर केंद्राची 3 टक्के सवलत. शेतकऱ्यानं मुदतीच्या आदल्या दिवशी भरलेली रक्कम खाते क्रमांक चुकल्यानं सस्पेन्समध्ये, म्हणजे मालक न ठरलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवायच्या खात्यात, जाऊन बसली आणि दोन दिवसांनी योग्य खात्यात पडली, तर ती सवलत धोक्यात येते. आपल्या लेखी ती किरकोळ नोंद असते, त्याच्या लेखी वर्षभर शब्द पाळल्याचं फळ. मार्चमध्ये सस्पेन्स खातं रोज संध्याकाळी शून्यावर आलंच पाहिजे, यावर अडून बस. इथे तडजोड करू नकोस.

एक इशारा देतो. सुधारणेचा उत्साह चढला की मेकर-चेकर, म्हणजे एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं तपासायची, ही पायरी फुकटची वाटू लागते. तिला हात लावू नकोस. 2018 मध्ये उघडकीला आलेलं पंजाब नॅशनल बँकेचं प्रकरण आठव. बँकांच्या स्विफ्ट या संदेश-जाळ्यावरून गेलेल्या हमीच्या संदेशांची नोंद कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य हिशेब-यंत्रणेत, झालीच नव्हती, कारण दोन्ही यंत्रणा एकमेकींशी जोडलेल्या नव्हत्या. ताळमेळ घेणं हे काम रटाळ आहे, पण बँक त्यावरच उभी असते. कागद कमी कर, खेपा कमी कर, दुसरी नजर तेवढी कमी करू नकोस. चेकरला फाइल लवकर मिळेल असं बघ, म्हणजे तो दिवस मावळताना शंभर फायलींवर डोळे झाकून क्लिक करणार नाही.

मला मनापासून पटलेले दोन नियम सांगतो. एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून वजा झाले, तर पाच दिवसांत परत करायचे, नाहीतर रोज 100 रुपये भरपाई, तीही ग्राहकानं न मागता. हा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा आदेश. आणि आरोग्य विम्यात 2024 पासून कॅशलेसची मंजुरी एका तासात, डिस्चार्जची तीन तासांत. उशीर झाला तर रुग्णालयाचं वाढलेलं बिल कंपनीनं भागधारकांच्या पैशातून भरायचं. उशिराचा भुर्दंड उशीर करणाऱ्यावरच टाकलेला आहे. तुझ्या विभागातही असंच काही करता येतं का बघ. दंड नको, पण त्रुटी दुसऱ्यांदा काढायची वेळ आली तर फोन शाखाधिकाऱ्यानं स्वतः करायचा, एवढं ठरवलंस तरी फरक पडेल.

आता लगेच करण्यासारखं. मयत दाव्यासाठी एक पानाची यादी बनव. काय लागतं, कशासाठी लागतं, आणि नावात फरक असेल तर काय करायचं. कार्यालयीन मराठी नको. ‘सक्षम प्राधिकाऱ्याने साक्षांकित’ असलं वाक्य त्या बाईला वाचून दाखव आणि तिचा चेहरा बघ. यादी छापण्याआधी सुरगाणा, पेठ आणि निफाडच्या शाखांमधल्या काउंटरवरच्या माणसांना दाखव, साहेबांना नंतर. कुठला कागद नेहमी विसरतो, हे त्यांनाच ठाऊक असतं. त्यांच्या दुरुस्त्या हातानं लिहिलेल्या असतील, तशाच मला पाठव. त्यावर बसून आपण पक्का मसुदा करू. रविवारी सकाळी मी घरीच असतो.

कळावे,
तुझा काका