बांधकाम नियमावली वर्षातून किती वेळा बदलावी, यावर सरकारला मर्यादा आहे का?

नाही, अशी संख्येची मर्यादा कायद्यात नाही; ज्याला नियम करण्याचा अधिकार, त्यालाच ते बदलण्याचाही, हे तत्त्व सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २१ मध्येच आहे. पुण्यालाही लागू असलेली २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली बदलताना महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार हरकती मागवाव्या लागतात, मात्र त्याच अधिनियमाच्या कलम १५४ नुसार राज्य सरकारने दिलेल्या निर्देशांनी बदल तत्काळही लागू करता येतो, आणि मग सुनावणीआधीच वास्तुविशारदाला पार्किंगचा नकाशा पुन्हा काढावा लागू शकतो, हे मला अन्यायकारक वाटते. अग्निसुरक्षेसारखे तातडीचे बदल वगळता, वार्षिक मूल्यदर तक्त्यांप्रमाणे (जमीन-इमारतींचे सरकारी दर, म्हणजे रेडी रेकनर) इतर सर्व बदल १ एप्रिलपासूनच लागू व्हावेत.