रिलीज मेडिकल बोर्डाचा कागद आधी हातात घ्या

ताई, तुमचे यजमान 2019 ला सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, बीपीमुळे 30 टक्के अपंगत्व लागलं, पण निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या वैद्यकीय बोर्डाने (रिलीज मेडिकल बोर्ड) ‘आजार सेवेमुळे नाही, सेवेत वाढलेलाही नाही’ असा शेरा मारला आणि अपंगत्व पेन्शन नाकारली गेली. पहिलं अपीलही फेटाळलं. आता कोर्टात काही होईल का, असं तुम्ही विचारलंय. जरूर लढा. माझ्या धाकट्या भावाची केस अशीच होती.

कोर्टात आजाराची तपासणी सहसा नव्याने होत नाही. बोर्डाने काय लिहिलं आणि का लिहिलं, एवढंच पाहतात. सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात याचा नियम सांगितला. त्यांना फिट्स यायच्या. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळेच झाला असं आधी धरायचं. तसं नाही म्हणायचं असेल तर बोर्डाने कारण लिहून द्यायचं. सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही.

भावाच्या बोर्डाच्या कागदावर कारणाच्या रकान्यात एकच ओळ होती: ‘शांतता क्षेत्रात सेवा’, म्हणजे नेमणूक युद्धाच्या भागात नव्हती. आणि भरतीच्या वेळच्या पिवळ्या पडलेल्या फॉर्मवर निळ्या शाईत हाताने लिहिलेलं बीपी, 120/80, म्हणजे नॉर्मल. वकिलांनी ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, केस यातच आहे. मला आजही तो आकडा आठवतो.

म्हणून आधी सैनिकांची कागदपत्रं ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा, आणि भरतीची वैद्यकीय तपासणी व रिलीज बोर्डाची पूर्ण कार्यवाही मागा. नुसतं पत्र नको, सगळी पानं हवीत. सोबत दुसरं अपीलही टाका. त्यावर सहा महिने निर्णय आला नाही, तरी सशस्त्र बल न्यायाधिकरणात, म्हणजे सैनिकांच्या खटल्यांसाठीच्या कोर्टात, जाता येतं. महाराष्ट्रातलं काम त्याच्या मुंबई खंडपीठाकडे जातं. अंतिम निर्णयानंतर तिथे जायची मुदत सहा महिने आहे. उशीर झाला तर कारण देऊन माफी मागता येते, पण थकबाकी मागच्या तीन वर्षांपुरतीच मर्यादित होऊ शकते. तेव्हा दिवस घालवू नका, ताई.

निकाल विरोधात गेला तर हायकोर्ट आहेच. न्यायाधिकरणाच्या निकालावर हायकोर्टात रिट करता येते, हे सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये स्पष्ट केलंय. सप्टेंबर 2023 पासूनच्या नव्या, कडक नियमांनी घाबरू नका, यजमान त्याआधीच निवृत्त झालेत.

आणि पैशाचं सांगते. 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के मिळतात. पगार 40,000 असेल तर 12,000. त्यांच्या 30 टक्क्यांचे 3,600 होतात. पण सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या राम अवतार निकालाने 20 टक्के किंवा जास्त, पण 50 पेक्षा कमी अपंगत्व 50 टक्के धरलं जातं, म्हणजे 6,000. अर्जात ही मागणी वेगळी, स्पष्ट लिहायला वकिलांना सांगा. आमच्या पहिल्या मसुद्यात ती सुटली होती.

कागद आले की बोर्डाच्या कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय ते इथे टाका. मी वाचून सांगते.