भूगोल घेऊन परदेशी जाताय? नोकरी ‘जिऑग्राफर’ नावाने शोधू नका

भूगोलात एम.ए. झालंय, क्यूजीआयएस (नकाशे बनवायचं मोफत सॉफ्टवेअर) थोडंफार येतं, वर्षभरात बाहेर पडायचंय, तर तिकडे कोणतं काम शोधू, असा तुमचा प्रश्न आहे.

‘जिऑग्राफर’ नावाच्या जागा तिकडे फारशा निघत नाहीत. जीआयएस ॲनालिस्ट (संगणकावर नकाशा-माहितीचं विश्लेषण करणारा), रिमोट सेन्सिंग (उपग्रहचित्रांवरून अभ्यास), पूरधोका, पर्यावरण परिणाम मूल्यांकन, वाहतूक नियोजन असे शब्द टाकून शोधा. विमा कंपन्याही नकाशावाली माणसं घेतात, हे अनेकांच्या गावीही नसतं.

व्हिसासाठी पदाचं नाव आणखी महत्त्वाचं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2008 च्या व्यवसाय-वर्गीकरणात भूगोलतज्ज्ञ 2632 क्रमांकाच्या गटात, म्हणजे समाजशास्त्रज्ञांच्या पंगतीत बसतो. नकाशाकार आणि सर्वेक्षक मात्र 2165 मध्ये. प्रत्येक देशाची यादी वेगळी असते, म्हणून आधी तिथली यादी उघडा आणि अनुभवपत्रात पदनामाबरोबर प्रत्यक्ष केलेली कामंही लिहून घ्या.

शाळेत शिकवणं आणि परवानाधारक सर्व्हेअरचं काम सुरुवातीला सोडा; दोन्हींना बहुतेक ठिकाणी स्थानिक परवाना लागतो. संरक्षण क्षेत्रातल्या जागांना सहसा नागरिकत्वच लागतं. नगररचनेत प्लॅनर व्हायला मान्यताप्राप्त पदवी मागतात, पण त्याच कार्यालयात नकाशे आणि डेटा सांभाळणाऱ्याला ती बहुधा लागत नाही. आत शिरायला ही वाट बरी.

निघण्याआधी विद्यापीठाकडून शिक्का मारलेला अभ्यासक्रम घ्या. गुणपत्रिकेवरच्या ‘प्रात्यक्षिक भूगोल’ या दोन शब्दांवरून त्यात प्रक्षेपणं (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धती), सर्वेक्षण आणि सांख्यिकी होती हे परक्या माणसाला कळणार नाही.

प्रमाणपत्रांचा ढीग करण्यापेक्षा एक काम तडीला न्या. उदाहरणार्थ, पुराचा नकाशा. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, 10 मीटरपर्यंत बारकावा असतो, पण पुराच्या दिवशी नेमके ढग असतात. म्हणून सेंटिनेल-1 चं रडार घ्या, ते ढगांतून पाहतं. संथ पाणी त्यात काळं दिसतं, कारण लहरी परावर्तित होऊन दुसरीकडेच निघून जातात. गोम अशी की गुळगुळीत डांबरी धावपट्टी आणि डोंगराची रडार-सावलीही काळीच दिसते. पुराआधीचं चित्र ठेवून कायमचं काळं वजा करा, आणि हे का केलं ते दोन ओळींत लिहा. मुलाखतीत नकाशाच्या रंगांपेक्षा या दोन ओळींवर जास्त बोलणं होतं.

नोकरीच्या चाचणीत माणसं पडतात ती प्रक्षेपणावर. नकाशाचा थर ईपीएसजी 4326 मध्ये (अक्षांश-रेखांशाच्या पद्धतीचा हा सांकेतिक क्रमांक) असला की एकक अंश असतं; 500 मीटरचं बफर, म्हणजे एखाद्या जागेभोवतीचा तेवढ्या अंतराचा पट्टा, म्हणून 500 लिहिलं तर सॉफ्टवेअर 500 अंश धरतं आणि पडद्यावर भलताच गोळा येतो. हे निदान लगेच दिसतं. 3857 (वेबवरच्या नकाशांचं प्रक्षेपण) मधली चूक दिसत नाही, म्हणून ती जास्त वाईट: 60 अक्षांशावर त्यात मोजलेलं क्षेत्रफळ खऱ्याच्या सुमारे चौपट येतं. बफरसाठी त्या भागाचा यूटीएम पट्टा (मीटरमध्ये मोजणारं, पट्ट्यापट्ट्यांचं प्रक्षेपण) घ्या, मोठ्या प्रदेशाच्या क्षेत्रफळासाठी समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळ न बिघडवणारं प्रक्षेपण.

नकाशाची फाइल जिओपॅकेज या प्रकारात द्या. शेपफाइल हा जुना प्रकार स्तंभांची नावं 10 अक्षरांवर कापते, आणि देवनागरी नावं तर त्याआधीच तुटतात.

पायथॉन (प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि पोस्टजीआयएस (नकाशा-माहितीचा डेटाबेस) कामापुरतं शिका; नकाशाकाराच्या जागांइतक्याच डेटा विभागातल्या जागाही त्याने खुल्या होतात.