झोपेचे औषध रोज सकाळी का थांबवतात?

प्रश्न : माझे सासरे (वय 67) न्यूमोनियामुळे सहा दिवसांपासून अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर आहेत. रोज सकाळी त्यांचे झोपेचे औषध बंद करतात, तेव्हा ते कासावीस होतात आणि नळी ओढू पाहतात. काल तर त्यांनी मला ओळखलेही नाही. त्यांना शांत झोपू का देत नाहीत? – एक वाचक, सातारा

उत्तर : व्हेंटिलेटर न्यूमोनिया बरा करत नाही. प्रतिजैविके काम करेपर्यंत तो फक्त श्वासाचा भार वाहतो. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, हाताने रबरी पिशवी दाबून हेच काम अहोरात्र करत होते. अतिदक्षता विभागाची कल्पना त्यातूनच पुढे आली. मात्र आयता श्वास मिळत राहिला, तर छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटलाचा स्नायू काही दिवसांतच रोडावू लागतो. त्यामुळे यंत्राचा आधार आज कमी करता येईल का, हे रोज पाहावे लागते आणि त्यासाठी रुग्ण जागा असावा लागतो. तो सांगितलेले ऐकत असेल, तर आधार अगदी कमी करून अर्धा ते दोन तास त्याचा श्वास, नाडी आणि ऑक्सिजन यांवर लक्ष ठेवतात. शिकागोतील डॉक्टरांनी 128 रुग्णांवर केलेल्या, 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषध रोज थांबवलेल्या गटाचा व्हेंटिलेटर दोनहून अधिक दिवस आधी सुटला होता.

औषधाने आलेली गुंगी म्हणजे खरी झोपही नव्हे. उलट खोल गुंगीने आणि मिडाझोलामसारख्या झोपेच्या औषधांनी भ्रम वाढू शकतो. सासऱ्यांनी तुम्हाला न ओळखणे हा बहुधा तोच भ्रम असावा. जुनी माणसे ज्याला ‘वात झाला’ म्हणत, तो. तो बहुतेकदा ओसरतो, पण डॉक्टरांच्या कानावर अवश्य घाला.

तळमळ मात्र निमूटपणे पाहत बसण्याची गोष्ट नाही. तिच्यामागे वेदना, तुंबलेली लघवी किंवा नळीत साठलेला कफ असू शकतो, म्हणून वेदनाशामक पुरेसे आहे का, हे जरूर विचारा. त्यांचा चष्मा आणि कानातले यंत्र घेऊन जा. भेटताना आधी स्वतःचे नाव, मग वार आणि वेळ सांगा. नळी स्वरयंत्रातून गेलेली असल्याने त्यांना बोलता येणार नाही. तेव्हा हात हातात घेऊन, ‘हो असेल तर एकदा दाबा’ असे सांगून पाहा.