अचानक किडनी बंद पडून डायलिसिस सुरू झालं, तर ते आयुष्यभराचं असतं का? माणूस वाचतो का?

तुमच्या वडिलांना लेप्टोनंतर (लेप्टोस्पायरोसिस, उंदराच्या लघवीतून पसरणारा ताप) डायलिसिसवर घेतलंय आणि घरचे म्हणतायत, आता हे जन्माचं झालं. हेच मी सात वर्षांपूर्वी वॉर्डबाहेरच्या जिन्यात ऐकलंय, म्हणून लिहितेय.

जन्माचं नसतं. किडनी आधी धड असेल आणि माणूस मूळ आजारातून वाचला, तर बहुतेकांचं मशीन सुटतं.

माझ्या बाबांना भातकापणीत घोणस चावली. सापाची लस मिळाली, विषाने गोठेनासं झालेलं रक्त पुन्हा नीट गोठायला लागलं, तरी दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली आणि मग जवळजवळ थांबलीच. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळायचा रक्तातला कचरा, ९.४ वर गेलं. आम्ही सिंधुदुर्गातले, म्हणून गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, डायलिसिस लागेल. थोरले काका म्हणाले, "सही करू नको. मशीनार चढलो माणूस परत उतरणा नाय." घरात त्यांचा शब्द शेवटचा. दीड दिवस गेला. वर त्यांनी शहाळी आणली, "पाणी पाज, किडनी धुवान निघतली." मी पेला बाबांच्या तोंडाला लावणार, तोच सिस्टरांनी तो हातातून काढून घेतला. लघवी बंद असताना शहाळ्यातलं पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं. रात्री बाबांना धाप लागली. सही मी केली.

मानेत नळी घातली. रोज सकाळी पिशवीतली लघवी मोजून मी वहीत लिहायचे: ४० मिली, ३५, ६०. बारा दिवस असेच. तेराव्या दिवशी २५०, मग ६००, आणि पुढच्या आठवड्यात तीन लिटर. तेव्हा उलटं, पाणी कमी पडू नये म्हणून सलाईन. अकरा डायलिसिस झाली आणि नळी निघाली.

२०२० साली आयसीयूतल्या सुमारे तीन हजार रुग्णांचा मोठा अभ्यास आला. डायलिसिस लगेच सुरू करा किंवा गरज पडेपर्यंत थांबा, ९० दिवसांत दोन्हीकडे शंभरातले सुमारे ४४ गेले. जे वाचले, त्यांतल्या थांबलेल्यांपैकी सुमारे ६ टक्के आणि लगेच सुरू केलेल्यांपैकी सुमारे १० टक्के तेव्हाही डायलिसिसवर होते. म्हणजे घाई करू नये, हे काकांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण थांबायचं की नाही हे पोटॅशियम, धाप आणि अंगावरची सूज पाहून डॉक्टर ठरवतात, जिन्यात उभे असलेले नातेवाईक नाही. काका आजही म्हणतात, "ती खरी किडनी फेल नव्हती." ती फाईल माझ्या कपाटात आहे.

हे ४४ आयसीयूतल्या अतिगंभीर रुग्णांपैकी आहेत, तुमच्या वडिलांना तसेच लावू नका. लेप्टोत फुफ्फुसातून रक्त येत नसेल तर किडनी बहुधा परततेच. मात्र आधीपासून मधुमेहाने किडनी अधू असेल, किंवा घोणशीच्या विषाने कधी कधी होतं तसं किडनीचा बाहेरचा थरच मेला असेल, तर माझ्या बाबांचा दाखला धरू नका. तीन महिने उलटूनही मशीन सुटलं नाही, तर सहसा ते कायमचं धरतात.

डॉक्टरांना रोज विचारा, आज लघवी किती झाली. घरी सोडल्यावर क्रिएटिनिन तपासत राहा आणि गुडघेदुखीच्या गोळ्या घरातून काढून टाका, त्या किडनीला मारक असतात. बाबांच्या उशाखाली मला डायक्लोफेनॅकची, म्हणजे तसल्याच दुखण्याच्या गोळ्यांची, अख्खी पट्टी सापडली होती, काकांनीच आणून दिलेली.